चित्राचें चित्र

घराच्या भिंतीवर टांगलेली एखादी जुनी तसबीर आपण रोज पाहतों, आणि रोज पाहतों म्हणूनच ती आपल्या दृष्टीस पडत नाहीं. दिवाळीस किंवा नाताळास एकदां तिजवरील धूळ पुसली जाते. पुसणाऱ्याच्या मनांत ‘हे गृहस्थ कोण बरें?’ असा प्रश्न क्षणभर येतो व धुळीबरोबरच निघून जातो. अशा विसरलेल्या तसबिरींविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रारंभ मात्र आम्हांस दूरच्या देशांतून, फ्रान्स व अमेरिका येथून करावा लागेल. कारण ज्या गोष्टीचा विचार करावयाचा ती प्रथम तिकडे घडली.

पाश्चात्त्य देशांतील वस्तुसंग्रहालयांत छायाचित्रणाच्या आरंभकाळचे लहान लहान रुपेरी पत्रे जपून ठेविलेले आहेत. त्यांवर बहुधा जिवंत माणसांचे चेहरे असतात. परंतु मधून मधून एक निराळाच प्रकार आढळतो. पत्र्यावर दिसणारा मनुष्य हा मनुष्य नसून मनुष्याचें चित्र असतें. बारकाईनें पाहिलें म्हणजे रंगास पडलेल्या भेगा, कुंचल्याचे फटकारे, वार्निशावर चमकलेला उजेड, क्वचित् कडेस लांकडी चौकटीचा कोपराहि दिसतो; आणि मग ध्यानांत येतें कीं, कोणीं तरी आपल्या घरचें रंगविलेलें चित्र भिंतीवरून उतरवून छायाचित्रकाराकडे नेलें व त्याचेंच छायाचित्र काढविलें. कलेचे मर्मज्ञ या पत्र्यांकडे फारसे वळून पाहत नाहींत. मूळ चित्र नव्हे आणि जिवंत माणसाची छबीहि नव्हे, अशी त्यांची स्थिति आहे. आमचें मत मात्र असें आहे कीं, छायाचित्रणाच्या विद्येनें आपल्या बाल्यावस्थेंत जीं जीं कामें केलीं, त्यांत याहून अधिक प्रेमाचें व अधिक शहाणपणाचें काम थोडेंच असेल. आणि ज्यांनीं तें करविलें त्यांच्या शहाणपणापासून व त्यांच्या एका चुकीपासूनहि आज आपणांस शिकण्यासारखें आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगूं. या विद्येचा एक जनक लुई डागेर हा मूळचा चितारी होता. पॅरिस शहरांत त्याचें ‘डायोरामा’ नांवाचें प्रेक्षागृह होतें. तेथें प्रचंड पडद्यांवर रंगविलेलीं दृश्यें, उजेड कमीअधिक करून, जिवंत भासतील अशीं दाखवीत असत. १८३९ च्या जानेवारीच्या ७ तारखेस आरागो या शास्त्रज्ञानें फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढें डागेरच्या शोधाची वार्ता जाहीर केली. त्या शोधाची सारी कृति मात्र त्याच वर्षीं ऑगस्टच्या १९ तारखेस जगापुढें मांडण्यांत आली. या दोन तारखांच्या मध्यें एक विलक्षण प्रसंग घडला. मार्चच्या ८ तारखेस डागेर हा सॅम्युअल मोर्स या अमेरिकन गृहस्थाकडे त्याचें तारायंत्र पाहण्यास गेला होता. मोर्स हाहि पेशानें चितारीच. दोघे यंत्राजवळ बोलत बसले असतां तिकडे डायोरामास आग लागली आणि आंतील चित्रांसह तें गृह भस्म झालें. ज्या पुरुषानें प्रतिमा राखण्याची युक्ति जगास दिली, त्याचीं स्वतःचीं चित्रें ती युक्ति लोकांच्या हातीं पडण्यापूर्वींच जळून गेलीं! पुढें १८४२ सालीं ब्री-सुर-मार्न या गांवच्या चर्चसाठीं त्यानें एक दृश्य रंगविलें. डायोरामाच्या पद्धतीचें त्याचें तेवढेंच काम आज शिल्लक आहे.

डागेरची कृति थोडक्यांत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर रुप्याचा पातळ थर देऊन तो आरशासारखा लखलखीत घासावयाचा. मग त्यास आयोडीनची वाफ द्यावयाची, म्हणजे त्यावर उजेडाचा परिणाम होऊं लागतो. नंतर तो पत्रा अंधाऱ्या पेटींत भिंगासमोर ठेवावयाचा, पाऱ्याच्या वाफेनें त्यावरील गुप्त प्रतिमा प्रकट करावयाची, आणि शेवटीं रसायनानें धुवून ती कायम करावयाची. हा पत्रा इतका नाजूक असे कीं, बोटाच्या स्पर्शानेंहि प्रतिमा पुसून जावी. म्हणून त्यास कांच लावून डबींत बंद करीत. एका पत्र्यावरून दुसरा छापून घेण्याची सोय नव्हती. जितक्या प्रती हव्यात तितके वेळां पेटीपुढें बसणें प्राप्त होतें. आणखी एक खोड अशी कीं, आरशांतल्याप्रमाणें उजवें डावें होई. ती टाळण्यास भिंगापुढें निराळा आरसा किंवा लोलक बसवावा लागे.

आरंभींच्या दिवसांत पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. इतका वेळ जिवंत माणसानें निश्चल बसावयाचें म्हणजे शिक्षाच. पुढें भिंगें सुधारलीं व रसायनें तीव्र झालीं, तरीहि डोकें हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी आधार लावीत. चित्राचें तसें नाहीं. चित्र डोळे मिचकावीत नाहीं, त्यास शिंक येत नाहीं, आणि ‘झालें का?’ असें तें विचारीत नाहीं. म्हणून पुतळे आणि चित्रें हीं या नव्या विद्येस पहिल्यापासूनच सोयीचीं वाटलीं. डागेरच्या स्वतःच्या अगदीं आरंभींच्या पत्र्यांतहि चुन्याच्या मूर्तींचे ठसे मांडलेले दिसतात.

परंतु केवळ सोय होती म्हणून लोकांनीं घरचीं चित्रें छायाचित्रकाराकडे नेलीं असें नव्हे. त्यांस कारण होतें, आणि तें कारण मनास भिडणारें आहे. १८३९ पूर्वीं जो मनुष्य मरण पावला, त्याची छबी कोणत्याहि यंत्रानें काढणें शक्य नव्हतें. ज्या आईचें दहा वर्षांपूर्वीं देहावसान झालें, तिचा चेहरा उरला असेल तर तो एखाद्या चिताऱ्यानें रंगविलेल्या चित्रांतच. नवी विद्या भूतकाळांत शिरूं शकत होती ती केवळ चिताऱ्याच्या हातास धरून. त्या काळीं अमेरिकेंत गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांचीं, दुकानदारांचीं व त्यांच्या मुलाबाळांचीं चित्रें काढून देणारे फिरते चितारी पुष्कळ होते. असें एक चित्र घरांत असे. पण घरांतलीं मुलें चार, पांच, कधीं आठहि असत. त्यांतील कोणी मोठीं होऊन शहराकडे जात, कोणी पश्चिमेकडील नव्या मुलुखांत जाऊन शेती करीत.

येथें आम्हांस आपल्याकडील वांटणीची आठवण होते. शेत वांटतां येतें. घराच्या खोल्या वांटतां येतात. तांब्यापितळेचीं भांडीं मोजून व तोलून वांटतां येतात. परंतु आईची तसबीर कोणासहि कापून वांटतां येत नाहीं. ती एकाकडे जाते आणि बाकीचे तिला मुकतात. डागेरच्या पत्र्यानें ही अडचण दूर केली. मूळ चित्र थोरल्याच्या भिंतीवर राहिलें, आणि धाकट्या बहिणीनें त्याची प्रतिमा एका डबींत घालून आपल्याबरोबर नेली. नेहमींच्या लहान पत्र्याचा आकार सुमारें पावणेतीन इंच रुंद व सव्वातीन इंच उंच इतकाच असे; तो खिशांत किंवा पेटाऱ्याच्या कोपऱ्यांत सहज मावे. भिंतीवर वावभर जागा अडविणारा बाप असा मुलीच्या तळहातावर येऊन बसला! हें ज्यास क्षुल्लक वाटेल त्यानें आपल्या आईस सोडून दूरदेशीं जाऊन पाहावें.

आतां या कामावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, ही शेवटीं नक्कल आहे. ‘नक्कल’ हा शब्द शाळेंत बदनामच आहे. परीक्षेच्या दिवसांत तर तो उच्चारतांच पर्यवेक्षकांचे कान टवकारतात. त्यांतून ही नकलेची नक्कल: चिताऱ्यानें माणसाची केली, यंत्रानें चिताऱ्याची केली. शिवाय ती नीट साधलीहि नाहीं, असें आक्षेपकांचें म्हणणें. तें अगदींच खोटें नाहीं. त्या काळच्या रसायनांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई, आणि तांबड्या व पिवळ्याचा जवळ जवळ होतच नसे. त्यामुळें चित्रांतील तांबडा अंगरखा काळा दिसे, निळी फीत पांढरी पडे, आणि जुन्या वार्निशाच्या पिवळेपणामुळें गौरवर्ण चेहराहि काळवंडे. १८७३ सालीं फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें पत्र्याच्या थरांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळून हा दोष कमी करण्याचा मार्ग शोधिला, आणि सर्व रंग जाणणाऱ्या कांचा तर १९०६ च्या सुमारास बाजारांत आल्या. तोंपर्यंत यंत्रानें काढलेली प्रत्येक चित्राची प्रतिमा रंगांच्या बाबतींत कांहीं अंशीं खोटें बोलत होती हें कबूल केलें पाहिजे.

परंतु ज्या मुलीनें ती प्रतिमा काढविली, तिला हें ठाऊक नव्हतें काय? बापाचा अंगरखा तांबडा होता हें तिला पत्र्यावरून शिकावयाचें नव्हतें. तिला कपाळ, नाक, ओंठांची ठेवण आणि बसण्याची ढब पाहिजे होती, आणि ती तिला मिळाली. परीक्षेंतील नक्कल निंद्य कां? ती आपण नक्कल आहों हें लपविते म्हणून. जी नक्कल आपलें मूळ उघड सांगते तिजमध्यें लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. म्हणूनच ज्या पत्र्यावर चौकटीचा कोपरा दिसतो तो आम्हांस अधिक प्रिय वाटतो. त्यांत तो प्रामाणिकपणें सांगत असतो कीं, ‘मी अमक्या चित्राची छाया आहें; मूळ चित्र घरीं आहे.’

दुसरा धोका याच्या उलट आहे, व तो आम्ही अधिक मोठा समजतों. प्रतिमा काढून झाली, आतां मूळ चित्राची काय गरज, असें कित्येकांस वाटूं लागतें. भिंतीवरील चित्र जागा अडवितें, त्यास वाळवी लागते, त्याची निगा राखावी लागते. तेव्हां एकदां प्रतिमा घेतली कीं मूळ अडगळींत टाकावें, नाहीं तर जुन्या बाजारांत विकून टाकावें, हा विचार व्यवहारी दिसतो. परंतु अनुभव काय सांगतो तें पाहावें.

विल्यम स्टर्लिंग या स्कॉटिश विद्वानानें १८४८ सालीं स्पेन देशांतील चित्रकारांचा इतिहास प्रसिद्ध केला, व त्यासोबत साठांहून अधिक छायाचित्रांचा एक निराळा खंड काढिला. छायाचित्रें असलेला कलेच्या इतिहासावरील हा पहिला ग्रंथ. तीं छायाचित्रें टॅल्बट या इंग्रज संशोधकाच्या रीतीनें कागदावर छापिलेलीं होतीं, आणि त्या खंडाच्या पन्नासच प्रती निघाल्या. त्या प्रतींतील पुष्कळ छायाचित्रें पुढें फिकीं पडत गेलीं. त्या थोर चित्रकारांचीं चित्रें माद्रिद येथील संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतात. त्यांच्या कागदी छाया मात्र विझत चालल्या आहेत.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण तर याहून बोलकें आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रें नष्ट होतील या भीतीनें १८४४ सालापासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें वर्षानुवर्षें तेथें राहून त्यांच्या मोठमोठ्या रंगीत नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली व बहुतेक नकला जळाल्या. पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत तेंच काम पुन्हां केलें. त्या नकलाहि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयांत गेल्या, आणि १८८५ सालीं तेथेंहि आग लागून त्यांपैकीं शंभराहून अधिक नष्ट झाल्या. ज्या मूळ चित्रांच्या नाशाच्या भीतीनें हें सर्व केलें, तीं मात्र जखमी स्थितींत कां होईना, अजून अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत.

म्हणजे मूळच अधिक टिकतें असा नियम समजावा काय? तेंहि नाहीं. गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराचें ‘दगड फोडणारे’ हें प्रसिद्ध चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहांतील होतें. तें १९४५ सालीं महायुद्धांत नष्ट झालें. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकारानें काढलेलें संत मत्तय व देवदूत यांचें एक भव्य चित्र त्याच वर्षीं बर्लिन येथें नाहींसें झालें. आज तें जगास ठाऊक आहे तें केवळ काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवरून. अजिंठ्याच्या बाबतींत नकला गेल्या व मूळ राहिलें. येथें मूळ गेलें व छाया राहिली. कोणाच्या वांट्यास आग येईल व कोणाच्या वांट्यास आयुष्य येईल हें आधीं कळत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रतिमा काढावी, पण मूळाच्या जागीं नव्हे, मूळाच्या जोडीस. आणि दोहोंस एका छपराखालीं ठेवूं नये.

आतां त्या जुन्या कुटुंबांच्या हातून झालेली चूक सांगतों. एवढी दगदग करून, पैसे खर्चून त्यांनीं चेहरा राखिला. परंतु पुष्कळांस नांव लिहून ठेवण्याचें सुचलें नाहीं. कां सुचावें? तो चेहरा कोणाचा हें घरांतील सर्वांस ठाऊकच होतें. सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट लिहिण्याची कोणासच गरज भासत नाहीं, आणि म्हणून तीच सर्वांच्या आधीं लुप्त होते. मुलें गेलीं, नातवंडें गेलीं, डबी जुन्या वस्तूंच्या दुकानांत आली, तेथून संग्रहालयांत गेली. आणि आज तिच्याखालीं ‘अज्ञात पुरुष’, ‘अज्ञात स्त्री’ अशी चिठ्ठी आहे. प्रेमानें राखिलेला चेहरा असा पोरका झाला.

आपल्याकडे गोष्ट उलट आहे. श्राद्धाच्या वेळीं बाप, आजा व पणजा अशा तीन पिढ्यांचीं नांवें घेण्याची चाल असल्यामुळें कित्येक घरांत नांवें ठाऊक असतात. ख्रिस्ती कुटुंबांचीं नांवें चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहींत सांपडतात. पण त्या नांवांस चेहरा नसतो. तिकडे मुख आहे व नांव नाहीं. इकडे नांव आहे व मुख नाहीं. वास्तविक छायाचित्रणाची विद्या आपल्याकडे यावयास मुळींच उशीर झाला नाहीं. मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिचे सभासद होते. साधन होतें, घरच्या तसबिरींकडे तें वळविण्याची बुद्धि मात्र थोड्यांस झाली.

येथें आमच्याच घरची गोष्ट सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. आमच्या पणजोबांचें एक तैलचित्र माजघराच्या भिंतीवर होतें. एका पावसाळ्यांत भिंतीस ओल आली, चित्रास बुरशी चढली, आणि कोणीं तरी सद्‌हेतूनें तें ओल्या फडक्यानें पुसलें. बुरशीबरोबर अर्धा चेहराहि निघाला. त्या चित्राची प्रतिमा कोणींच काढविली नव्हती. ‘घरांतच तर आहे’ असें प्रत्येकास वाटत होतें. पुढें बरींच वर्षें आमच्या एक वृद्ध आत्याबाई मुलांस सांगत कीं, पणजोबांची भिंवई अगदीं थोरल्या नातवासारखी होती. आतां आत्याबाईहि नाहींत. त्या भिंवईचा साक्षीदार कोणी उरला नाहीं.

म्हणून आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस आमची एक विनंति आहे. डागेरच्या काळीं जें काम करण्यास रुपें, पारा व कुशल कारागीर लागत, तें आज घरांतील मोबाइलनें कोणासहि एका क्षणांत करतां येतें. या सुटींत घरच्या, आजोळच्या व शेजारच्या जुन्या तसबिरींच्या प्रतिमा काढाव्या. चित्र खिडकीजवळच्या सौम्य उजेडांत ठेवावें. उन्हांत नेऊं नये व झगझगीत दिवाहि पाडूं नये. मोबाइल चित्रास समांतर धरावा. एक प्रतिमा चौकटीसकट घ्यावी, एक नुसत्या चेहऱ्याची घ्यावी, आणि एक पाठीमागची घ्यावी. कारण चिताऱ्याचें नांव किंवा एखादें साल पुष्कळदां पाठीवरच सांपडतें. रंगाचे पोपडे सुटत असतील तर हात लावूं नये. ओलें फडकें तर कधींच लावूं नये. चांगल्या प्रतिमा कागदावर छापून घ्याव्या, त्यांच्या मागें मऊ पेन्सिलीनें नांव, नातें व गांव लिहावें, आणि एकेक प्रत निरनिराळ्या घरीं द्यावी. यंत्रांत सांठविलेल्या प्रतिमा यंत्राबरोबर जातात हें विसरूं नये.

आणि या सर्वांच्या आधीं एक काम करावें. आजीजवळ किंवा घरांतील जें कोणी सर्वांत वृद्ध असेल त्याच्याजवळ बसून, तसबिरीकडे बोट दाखवून, ‘हे कोण?’ असें विचारावें आणि उत्तर त्याच वेळीं लिहून घ्यावें. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आज्ञा आपण प्रार्थनेच्या तासास पाठ म्हणतों. ती पाळण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, त्यांपैकीं हा एक अगदीं सोपा आहे. चेहरा यंत्र राखील. नांव मात्र विचारल्यावांचून मिळत नाहीं, आणि तें सांगणारीं माणसें कायमचीं आपल्यापाशीं राहणार नाहींत. पुढील वर्षाचा अंक निघण्यापूर्वीं आमच्या वाचकांपैकीं दहा जणांनीं जरी आपल्या घरच्या एकेका तसबिरीखालीं नांव लिहिलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.